पाण्यापासून वीतभर वर

“म्हणजे माशांच्या हागण्यावर मेथी?”

आबांच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीच्या वाटीवर तसाच थांबला होता. डोंगरेबाई आमच्या ओसरीत पोत्यावर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांनी पुढ्यात आलेखाचा कागद पसरला होता. त्या जराही लाजल्या नाहीत.

“अगदी तसंच, मिस्त्री. खाली हौदात मासे. त्यांची घाण पाण्यात. पंपानं ते पाणी वर चढवायचं, खडी भरलेल्या ड्रममध्ये. खडीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात, ते त्या घाणीचं खत करतात. मेथी-पालक ते खत खातात आणि निवळलेलं पाणी परत हौदात उतरतं. माती नको, खताची पिशवी नको. पाणी तेच तेच फिरत राहतं.”

“आन् खायचं कुणी?”

“वसतिगृहातल्या पोरींनी. सगळ्यांना भाजी, आणि खाणाऱ्यांना मासे.”

आबांनी तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला. माझ्या वडलांना, आबांना, करमाळ्यात निवृत्ती लावंड म्हटलं तर कुणी ओळखलं नसतं, पण निवृत्ती मिस्त्री म्हटलं की लोक थेट आमच्या दारात आणून सोडत. तीस वर्षं त्यांनी गावाचं नळकाम केलं होतं. कालिंदी डोंगरे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. शाळेच्या वसतिगृहात साठ मुली, आठवड्याला तीन टँकर, आणि मागची परसबाग तीन वर्षांपासून वाळून खडखडीत. बाईंनी कुठल्याशा पुस्तकात हा प्रकार वाचला आणि झपाटल्यासारख्या आमच्याकडं आल्या.

“बाई, मला न्हाई जमायचं,” आबा म्हणाले. “माणसांच्या मोऱ्या उरकंनात, माशांची कुठं बांधत बसू?”

“मी करते,” मी म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. आबांनी मान वळवली नाही. आतून आईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती भिंतीआडून ऐकत होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची. आयटीआयला नळजोडणीचा कोर्स केलेला, वर्गात एकटी मुलगी. परीक्षेत पहिली आले तेव्हा आबांनी पेढे वाटले होते. पण कामावर नेलं तर टेप धरायला आणि सामानाची यादी लिहायला. पाइपाला हात लावला की म्हणायचे, “र्‍हाऊ दे, सोल्यूशन हाताला लागंल.” जणू मी पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा नाही, फणा काढलेल्या सापाची टोपली उघडत होते. आणि त्याच महिन्यात अंगणवाडीत मदतनीस म्हणून माझी ऑर्डर आली होती. ती आईनं देवापुढं ठेवली होती. मे महिन्यात हजर व्हायचं होतं.

बाई गेल्यावर आबांनी हात धुतले, पुसले, आणि मला समोर बसवलं.

“सुवर्णे, ही शेवटची हौस. तुझं तू काम करायचं. मी फिरकणार न्हाई. आखितीपातुर ते चाललं, आन् मला पाना फिरवावा लागला न्हाई, तर इथनं म्होरं कामं तुझ्या नावानं घ्यायची. जर का फिरवावा लागला, तर गुमान अंगणवाडीत जायचं. कबूल?”

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, अडीच महिन्यांवर. मी कबूल म्हणाले. बोलताना माझा आवाज इतका मोठा झाला की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

काम सुरू झालं तेव्हा कळलं की मी काय ओढवून घेतलंय. हौद होता, चांगला छातीइतका खोल, चिंचेच्या झाडाखाली. निळे ड्रम आडवे कापून त्यांचे सहा अर्धे केले. लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्डरकडून करून घेतला आणि ते त्यावर ओळीनं बसवले. खडी चार पाण्यांनी धुतली. इथवर सगळं सोपं होतं. घोडं अडलं ते सायफनपाशी. ड्रममध्ये पाणी हळूहळू भरायला हवं आणि काठापर्यंत आलं की एकदम सगळं निघून जायला हवं, म्हणजे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. बाईंच्या कागदावर एक उभा पाइप होता, त्यावर पालथी टोपी, आणि खाली बाण. बाण काढणाऱ्याचं काय जातं! माझ्या ड्रममधून पाणी एकतर सतत गळायचं, नाहीतर भरून वाहायचं.

आठ दिवस मी त्या टोपीशी झुंजले. नवव्या दिवशी एकदम मावशीच्या देव्हाऱ्यातला वसुदेवाचा पेला आठवला. पेल्यात वसुदेव उभा, डोक्यावरच्या टोपलीत बाळकृष्ण. पाणी ओतत गेलं की चढत जातं, आणि कृष्णाच्या पायाला लागलं रे लागलं की सगळा पेला तळातून रिकामा. लहानपणी आम्ही मुलं दिवसभर तो भरत बसायचो. मी तशीच मोटारीनं मावशीच्या गावाला गेले आणि तिच्या शिव्या खात तो पेला उजेडात धरून पालथा-उताणा करून बघितला. आतली नळी किती बारीक, वळण कुठं, खालचं भोक केवढं, ते सगळं वहीत लिहून घेतलं. परत आले, आतला पाइप एक माप बारीक केला, टोपीला तळाशी खाचा पाडल्या. पाणी चढलं, चढलं, काठाला आलं, आणि घळाघळा सगळा ड्रम रिता झाला. मी एकटीच होते. टाळ्या वाजवल्या आणि मग इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

आता राहिला परतीचा पाइप. सहाही ड्रमचं पाणी एका तीन इंची पाइपात येऊन हौदात उतरायचं होतं.

इथं आबांबद्दल एक सांगायला हवं. नळकाम संपलं की ते सगळे नळ सोडायचे, मग बंद करायचे, आणि भिंतीला कान लावून उभे राहायचे. घरमालकानं चहा पुढं केला तरी हात हलायचा नाही. “पाणी डोळ्याला दिसावं, कानाला न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. टाकीत पडणाऱ्या पाण्याचासुद्धा आवाज झालेला त्यांना खपायचा नाही. पाइप तळापर्यंत नेऊन त्याचं तोंड पाण्यात बुडवायचे. पाणी बोललं म्हणजे मिस्त्री कच्चा, हे मी अक्षर ओळखायच्या आधी शिकले होते.

बाईंच्या कागदावर त्या पाइपाचं तोंड हौदातल्या पाण्याच्या वर दाखवलेलं होतं. बाजूला त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाण्यापासून वीतभर वर’. मी ते वाचलं आणि मला हसूच आलं. दर दहा मिनिटांनी ड्रम रिकामा होणार आणि एवढं पाणी वीतभर उंचीवरून धबाधबा आदळणार. कुणी ऐकलं तर म्हणेल, निवृत्ती मिस्त्रीच्या पोरीनं हे काय करून ठेवलंय! मी वळणाला एल्बो लावला, हौदाच्या आतल्या अंगानं पाइप सरळ खाली नेला आणि तळापासून चार बोटांवर त्याचं तोंड ठेवलं. पाण्यालगतचा मधला जोड असा बसवला की बोट फिरवलं तर कड लागू नये.

बाईंनी तेवढ्यात बघितलंच. “सुवर्णा, पुस्तकात हे तोंड वर आहे गं.”

“पुस्तकवाल्याला बरा प्लंबर मिळाला नसेल, बाई.”

बाई खळखळून हसल्या. “तुझ्या कामातलं तुला जास्त कळतं,” म्हणाल्या आणि कागदावरची ती ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली.

पंप सुरू केला त्या दिवशी ड्रम भरत होते, रिते होत होते, हौदात पाणी उतरत होतं, आणि आवाज नाही. पोरी हौदाभोवती जमल्या होत्या, त्यासुद्धा कुजबुजत बोलायला लागल्या. आबा आले नाहीत. बोलल्याप्रमाणं फिरकायचं नव्हतं ना. पण संध्याकाळी चहा पिता पिता आईला म्हणाले, “वसतिगृहावरनं सायकल घेऊन चाललो हुतो. चालू हाय का बंद हाय तेच कळंना.” आईला वाटलं ते खोट काढतायत. मला ठाऊक होतं, याहून मोठा कौतुकाचा शब्द आबांकडं नाही. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले, कारण डोळे भरले होते.

मासे लगेच सोडायचे नव्हते. बाई म्हणाल्या, आधी खडीत जिवाणू वाढू द्या, दूध आहे पण विरजणच नाही तर दही कसं लागेल? मग आम्ही गावाबाहेरच्या जुन्या तळ्यातली बुळबुळीत खडी बादलीभर आणली आणि सहा ड्रममध्ये वाटून घातली. झाडाखालच्या हौदात नुसतं पाणी फिरतंय आणि दोन बाया त्याकडं टक लावून बसल्यात, हे बघून रेक्टर खरातबाई कपाळाला हात लावायच्या. खरातबाई वसतिगृह सांभाळायच्या. माणूस वाईट नव्हतं, पण मिस्त्री म्हणजे मिशा हव्यात, असं त्यांचं ठाम मत होतं. मला त्या ‘ए बाळ’ म्हणायच्या आणि काही विचारायचं झालं तर म्हणायच्या, “बाबांना विचारून सांग हं.”

पुढच्या महिन्यात उजनी धरणावरून चिलापी माशांची बोटुकली आणली, बोटाएवढी पिल्लं, तीनशे. मेथी चौथ्या दिवशी उगवली. पालक तर असा माजला की पोरी पानं तोडून तशीच कचाकचा खायच्या. लोक बघायला यायला लागले. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आले, दोन पत्रकार आले, पांडे गावचे एक शेतकरी बायको-मुलांसकट आले. मी प्रत्येकाला सगळं समजावून सांगायची आणि शेवटी म्हणायची, “आता जरा गप्प उभं राहून ऐका.” लोक ऐकायचे. काहीच ऐकू यायचं नाही. मग मी नुसती मान हलवायची. आज ते आठवलं की स्वतःलाच दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

आखितीला चार दिवस राहिले होते. रविवार होता, आणि सकाळी दहालाच ऊन असं तापलं होतं की अंगणात अनवाणी पाय टेकवत नव्हता. आबांचा फोन वाजला. खरातबाईंचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला.

“मिस्त्री, तुम्ही या. मासे वर येऊन आ वासतायत. पाच-सहा तर उलटे होऊन तरंगतायत. डोंगरेबाई पुण्याला ट्रेनिंगला गेल्यात, त्यांचा फोन लागत नाही. मी सांगत होते, असलं काम मुलीच्या हातात देऊ नका म्हणून. तुम्ही लगेच या.”

माझा नंबर त्यांच्याकडं होता. वसतिगृहाच्या भिंतीवर खडूनं मोठ्या आकड्यांत मीच लिहिला होता.

आबांनी फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि नुसतं “चल” म्हणाले. हत्यारांची पिशवी त्यांनी गाडीच्या पुढं अडकवली.

मी धावतच हौदापाशी गेले. बोटाएवढी आणलेली पिल्लं आता तळहाताएवढी झाली होती, आणि ती सगळीच्या सगळी पाण्याच्या वरच्या थरात येऊन, तोंडं वर करून, उघड-मीट करत होती. खाली तळ स्वच्छ दिसत होता. पाणी नितळ होतं. वास नव्हता. काठाला सात मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. पोरी गच्चीवरून बघत होत्या, एकजण रडत होती.

“बघा, मिस्त्री, बघा,” खरातबाई म्हणाल्या. “पोरींनी नावं ठेवली होती हो माशांना. आता यांना मी काय सांगू?” आणि त्या आत फोन करायला निघून गेल्या.

आबांनी पंपावर हात ठेवला. चालू होता. ड्रम भरत होते, रिते होत होते. सगळं ठरल्याप्रमाणं, अगदी आवाज न करता चाललं होतं. त्यांनी पिशवीतून पाना काढला, पंपाच्या वरच्या युनियनला, म्हणजे सोडता येणाऱ्या जोडाला, त्याचे जबडे लावले आणि दांड्यावर हात घट्ट केला.

अर्धा आटा. तेवढंच अंतर होतं. तो फिरला असता तर माझं नळकाम संपलं असतं. आणि खरं सांगायचं तर एक क्षण मला वाटलं, फिरवू देत. आबांना काहीतरी सापडेल, मासे वाचतील, मी अंगणवाडीत जाऊन खिचडी वाढीन, आणि हे पांढऱ्या पोटांचं बघणं तरी थांबेल.

“आबा, पाना ठेवा.”

“मासं मरत्यात, पोरी.”

“मरतायत. पण गळत काहीच नाही, अडलेलंही काही नाही. युनियन सोडून बघायचं काय?”

त्यांचा हात दांड्यावरच होता. घामाचा थेंब नाकावरून ओघळला, तो त्यांनी पुसला नाही. मग पाना काढून त्यांनी खाली ठेवला. जरा आपटलाच. चिडून हौदाच्या कठड्यावरचा पितळी तांब्या उचलला, पाणी घेतलं आणि हुंगलं. पाणी हुंगायची त्यांची जुनी सवय. वास लागला नाही तेव्हा उभ्याउभ्याच, छातीच्या उंचीवरून ते पाणी परत हौदात भिरकावलं.

जिथं ते पाणी पडलं तिथं मासे धावले. आजूबाजूचे वीस-पंचवीस एकमेकांना ढकलत त्या एका जागी आले आणि तोंडं वर करून तिथंच घोटाळले.

“भुकेजलेत जणू,” आबा म्हणाले.

“परत ओता.”

“आं?”

“तसंच ओता आबा, उंचावरून. जरा पलीकडं.”

त्यांनी ओतलं. मासे पलीकडं धावले. तिसऱ्यांदा ओतलं, तिसरीकडं धावले. पाण्यात काहीच नव्हतं, नुसते बुडबुडे होते. चहावाला उंचावरून धार धरतो तेव्हा पेल्यात येतो तसा फेस.

मासे हवा मागत होते. उंचावरून पडणारं पाणी हवा घेऊन खाली जातं, एवढी साधी गोष्ट. आणि मी एकेक थेंब बंद पाइपातून, हवेचं तोंडसुद्धा न दाखवता, थेट तळाशी नेऊन सोडला होता. पिल्लं लहान होती तोवर भागलं. आता ती वाढली होती, वर ऊन पेटलं होतं आणि तापलेल्या पाण्यात मुळातच हवा कमी. बाईंनी खोडलेली ती ओळ माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. ती खोडताना त्या हसल्या होत्या, माझ्यावरच्या विश्वासानं. आपल्याच शहाणपणाची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि त्यानंतरही नाही.

मी पिशवीतून करवत काढली, साडी खोचली आणि हौदात उतरले. छातीपर्यंत पाणी आलं. मासे अंगाला धडकत होते, पण बाजूला व्हायचीही ताकद त्यांच्यात नव्हती.

“काय करतीस?”

“पाइप कापते. वरून.”

“आगं, तो जोड! डोकं फिरलं काय तुझं? त्याला कड लागत न्हाई कुठं. मलासुदिक असा जोड—” आणि आबा एकदम थांबले.

मी वर बघितलं. फिरकणार नाही म्हणालेल्या माणसानं माझ्या जोडावरून बोट कधी फिरवलं होतं? त्यांनी मान दुसरीकडं केली.

“कवातरी येत हुतो सकाळचा,” ते पुटपुटले. “पंप बघाय.”

“आबा, यांना हवा पाहिजे. पाणी पडायला पाहिजे, वरून, आवाज करत. मी त्याचं तोंड दाबून ठेवलंय.” मी करवत पाइपाला लावली. “तुम्ही ओतत राहा. मी कापेपर्यंत थांबू नका.”

ज्या माणसानं तीस वर्षं पाण्याला गप्प केलं, त्याला मी पाण्याचा आवाज करायला सांगत होते. मग त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कठड्यावर चढले आणि तांब्या बुडवला. वरून ओतला. बुडवला, ओतला. वर ऊन, डोक्याला टोपी नाही, साठीला आलेला माणूस, पण हात थांबला नाही.

पाण्यात उभं राहून करवत चालवणं सोपं नसतं. पातं सरकत होतं, बोट एकदा कापलं. पाण्याच्या वर बरोबर वीतभर मोजून मी तो पाइप कापला, तो सुंदर जोड तळाच्या तुकड्यासकट उपसला आणि बाहेर फेकला. पाइपाचं तोंड मोकळं झालं.

काहीच पडलं नाही.

“आता?” आबा ओतता ओतता म्हणाले.

“ड्रम भरतोय. भरल्याशिवाय सुटणार नाही.”

आम्ही दोघं वर बघत राहिलो. आठवा मासा उलटला. आबांचा तांब्या चालूच होता. मी हातांनी पाणी उडवत होते, वेड्यासारखी, पसा भरून वर फेकत होते. तिसऱ्या ड्रमच्या टोपीत घुरघुर झाली. मग पाइपात खालपर्यंत काहीतरी धावत आलं आणि माझ्या खांद्यापाशी पाण्याचा लोंढा हौदात कोसळला. धबाधब, धबाधब, अंगावर, तोंडावर. फेस उठला. तो संपतो न संपतो तोच पहिला ड्रम सुटला, त्यामागून पाचवा. सगळ्या आवारात आवाज घुमायला लागला.

मासे त्या फेसात घुसले. एवढी गर्दी की मला पाय हलवता येईना. दहा मिनिटांनी काही खाली गेले. मी एका कॅपला गिरमिटानं भोकं पाडून ती पाइपाच्या तोंडाला बसवली, म्हणजे लोंढ्याच्या शंभर धारा झाल्या आणि आवाज आणखी वाढला. तासाभरानं वरचा थर मोकळा झाला होता. खाली, तळाशी, तीनशेतले अकरा सोडून सगळे मासे शेपट्या हलवत फिरत होते.

मी हौदातून निघून कठड्याला टेकले. आबा माझ्याशेजारी उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, आणि मला वाटलं त्या आवाजाच्या असाव्यात. लाज वाटत असेल. आयुष्यभराच्या नावाला पोरीनं भर दुपारी, गच्चीवरच्या साठ पोरींसमोर बट्टा लावला.

तेवढ्यात खरातबाई धावत आल्या, पदर कानावर धरून.

“अहो निवृत्ती मिस्त्री! काय हे? केवढा आवाज! पार ऑफिसात ऐकू येतंय. टँकरचं पाणी आहे हो ते, कुठं गळतंय?” मग त्यांची नजर हौदात गेली आणि चेहरा पालटला. “अगंबाई, वाचले की! बघा, मी म्हणत होते ना, तुम्ही आल्याशिवाय काही व्हायचं नाही. काय दुरुस्त केलंत?”

आबांनी तांब्या त्यांच्यापुढं धरला.

“मी ह्यो तांब्या धरला हुता, बाई,” ते म्हणाले. “आवाजाचं मिस्त्रीला इचारा.”

खरातबाईंना कळेना. त्यांनी आवारात इकडंतिकडं बघितलं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. आबा नुसते एक पाऊल मागं सरकले, आणि खरातबाईंच्या समोर मी एकटी राहिले, नखशिखांत भिजलेली, बोटातून रक्त येणारी, हातात करवत.

“हं... मिस्त्री,” खरातबाई चाचरत म्हणाल्या, माझ्याकडं बघून. “गळतंय का हे?”

“गळत नाही, बाई. मी पाडलंय.” धारांच्या वर माझा आवाज चढवावा लागला आणि तो चढला. “रात्रंदिवस असंच पडणार. आणि हा आवाज कधी थांबला, तर लगेच फोन करा. आबांना नाही. मला.”